एक ते पंचवीस

परीक्षा सोपी आहे, डॉक्टर म्हणाल्या.
कागदावर विखुरलेले आकडे, एक ते पंचवीस,
पेन न उचलता क्रमाने जोडायचे.
ओदमुन, माझे वडील, अकरापर्यंत नीट गेले,
मग खिडकीकडे बघत बसले.
खिडकीत काही नव्हतं. डिसेंबर, दुपारचे दोन,
ट्रोम्सोच्या पाण्यावर मिट्ट काळोख.

"कारखान्याचा वायू आहे हा," ते म्हणाले.
छत्तीस वर्षं बोत्सफ्योर्दला कॉड गोठवला,
शीतगृहाच्या नळ्यांत अमोनिया.
एकदा झडप फुटली, तेव्हा तोंडाला ओला टॉवेल बांधून
दोघांना फरफटत बाहेर आणलं होतं त्यांनी.
तो वास ते ओळखतात,
जुन्या वैऱ्याची चाल ओळखावी तसा.

नाही, बाबा. हा तो नव्हे.
हा तुमच्याच आतड्यात निपजतो, रोज,
खाल्लेल्या माशातून, तपकिरी चीजच्या कापातून.
यकृत त्याची परस्पर वासलात लावायचं,
तुमच्या कानावरही न घालता.
आता त्याने हात टेकले.

हे सांगणारी मी
दोन मजले खाली काम करते.
उंदराच्या मेंदूचा काप, केसाहून बारीक काचेची नळी,
तिच्या टोकाशी पोटॅशियम मोजणारा द्रव.
मी तारापेशी बघते. नावाने तारा,
कामाने रात्रपाळीची झाडूवाली.
चेतापेशी बोलतात, आणि बोलून झालं
की पोटॅशियम दारातच सांडून मोकळ्या होतात.
ते उचलायचं हिने.
गुन्वोर आत्या अशीच, रबरी बूट, हातात पाण्याची नळी,
खवले, रक्त, बर्फाचा चुरा गटारात लोटायची
म्हणून सकाळच्या सुऱ्यांना टेबल स्वच्छ मिळायचं.
तिच्या निवृत्तीला केक होता. भाषण नव्हतं.

मी कापावर अमोनियम क्लोराइड सोडते.
थोडंच. बाबांच्या रक्तात आहे त्याहून जरा जास्त.
अमोनियमचा भार पोटॅशियमचाच,
घेरही जवळजवळ तोच,
आणि पेशीच्या दारावरचे पंप माप बघतात, तोंड नाही.
त्याला आत घेतात.
खरं पोटॅशियम बाहेर ताटकळतं.
ती तरी काय करणार,
आल्या पाहुण्याला ग्लुटामेटशेजारी बसवते, ग्लुटामिन करते,
ग्लुटामिनमागे पाणी, पाण्यामागे पाणी,
फुगते बिचारी, तरी उपसत राहते.
पडद्यावरची रेघ चढते. तीन. साडेतीन. चारच्या पुढे.
आता चेतापेशींना "गप्प" असा निरोप पोचतो खरा,
पण त्या निरोपाला कुणी जुमानत नाही.

मी काप धुते. रेघ उतरते.
पूर्ण नाही.

वर, चौथ्या मजल्यावर,
"हात पुढे करा, तळवे समोर," नर्स म्हणते.
ते करतात. दोर हातातून निसटावा
आणि माणसाने लगेच पुन्हा धरावा,
तसे त्यांचे पंजे खाली पडतात, वर येतात, पडतात.
हसतात. "जुनी सवय," म्हणतात.
लॅक्ट्युलोजचा पाक त्यांना आवडत नाही,
दारूनंतर थेट सरबतावर आणून ठेवलंत, म्हणतात.
दारूचं आम्ही दोघं बोलत नाही.

रात्री तीनला फोन येतो. "उजाडलं का गं, आस्लाउग?"
दिवस आणि रात्र त्यांच्यात उलटलीत,
पण इथे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच नाही,
तेव्हा मी खरं तेच सांगते. नाही, बाबा. अजून नाही.

गुरुवारी पुन्हा तोच कागद.
एक, दोन, तीन, रेघ डगमगत जाते,
नऊवरून सरळ अकरावर, मग थबकून मागे, दहा.
अकरा.
"बारा कुठे गेला?" ते विचारतात,
मला, भिंतीला, डॉक्टरांच्या घड्याळाला.
बारा त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली आहे.
मला दिसतोय.
सांगायचं नसतं.